घराबाहेरचे दाम्पत्य : ‘कन्यादान’मधील ताणाची रचना

नवरा-बायकोमधला ताण रंगमंचावर उभा करावयाचा तर नाटककाराने आधी त्यांच्यासाठी एक घर उभे करावे, ही मराठी नाटकाची जुनी आणि बहुतांशी रास्त समजूत आहे. ‘एकच प्याला’त (1919) सिंधूचे दारिद्र्य आणि सुधाकराचे अधःपतन यांना ठाव मिळतो तो त्यांच्या घराच्या चार भिंतींत. तिचे दळण, तिचे मूल आणि त्याचा हात यांच्यामध्ये प्रेक्षकाला आडपडदा नसतो. पन्नासएक वर्षांनी ‘सखाराम बाइंडर’ (1972) आले. त्यातील जोडपी विधिवत विवाहित नाहीत, तरी घर हेच तेथेही ताणाचे मोजमाप आहे. स्वयंपाकघर कोणाचे, दार कोण उघडणार, कोणाचे अंथरूण कोठे, या प्रश्नांवरच ते नाटक चालते. एकाच छपराखाली कोंडलेली माणसे आणि त्यांना सोडून न जाणारा प्रेक्षक, असे या रचनेचे सूत्र सांगता येईल.

विजय तेंडुलकरांच्याच ‘कन्यादान’ने (1983) हे सूत्र मोडले. ज्योती यदुनाथ देवळालीकर आणि अरुण आठवले यांचा विवाह हा या नाटकाचा विषय. त्या विवाहातील मारहाण, दारू, पश्चात्ताप, गरोदरपण, पुन्हा मारहाण ही त्याची घटनामालिका. पण ज्योती आणि अरुण यांचे घर नाटकात नाही. नेपथ्याच्या सोयीसाठी ते गाळलेले नाही, कारण कथानकातही त्यांना धड घर मिळत नाही. सगळे नाटक घडते ते तिच्या माहेरी, समाजवादी आमदार नाथ आणि त्यांची पत्नी सेवा यांच्या दिवाणखान्यात. या दाम्पत्याला रंगमंचावर स्वतःची जागाच नाही, आणि या नाटकातला ताण त्या अभावातूनच निर्माण झाला आहे.

‘कन्यादान’वर आजवर झालेली चर्चा प्रामुख्याने आशयाची आहे. अरुणचे चित्रण दलित तरुणावर अन्याय करणारे आहे काय, नाथच्या समाजवादाचा उपहास झाला आहे काय, शेवटी ज्योती हरते की जिंकते, हे प्रश्न वारंवार विचारले गेले. 1993 चा सरस्वती सन्मान ज्या नाटकाला मिळाला, त्याच नाटकापायी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, असे तेंडुलकरांनी तो सन्मान स्वीकारताना सांगितले होते. चर्चेची धग त्यावरून कळते. हे प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु त्यांची उत्तरे संवादांच्या आशयात शोधली गेली, आणि प्रेक्षकाला काय दिसते, काय नुसते कळते व ते कोणाच्या तोंडून कळते, या रचनेच्या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. अरुणविषयीचा निवाडा बऱ्याच अंशी या रचनेत दडलेला आहे.

दोघे एकमेकांसमोर एकटे येतात तो प्रसंग प्रथम पाहावा. असा भरीव प्रसंग नाटकात एकच आहे, आणि तो विवाहापूर्वीचा. अरुण प्रथमच ज्योतीच्या घरी येतो. तिने आपल्याला येथे एकटे सोडून आत जाऊ नये अशी त्याची इच्छा असते. या मोठ्या घरात त्याला अवघडल्यासारखे होते. आपल्या जातभाईंनी पिढ्यान्‌पिढ्या काय खाल्ले, कोठे कोठे वणवण केली, याचे तो जे वर्णन करतो ते एकाच वेळी वेदनेचे आणि हल्ल्याचे आहे. ज्योती त्यातील वेदना ऐकते. हल्ला आपल्यावर आहे हे तिला कळते, तरी तो ती मनावर घेत नाही. मग तो तिचा हात पिरगळतो. काही क्षणांतच सेवा येते आणि प्रसंग सामाजिक शिष्टाचाराच्या पातळीवर परततो. निदान वरवर. नोकरी काय, पुढे काय करणार, या सेवाच्या साध्या प्रश्नांना तो हातभट्टीच्या धंद्याची भाषा करून उत्तर देतो, आणि तो थट्टा करतो आहे हे समजावून सांगण्याची जबाबदारी ज्योतीवर पडते.

पुढील दाम्पत्यजीवनाचे व्याकरण या प्रसंगात घालून दिलेले आहे. अरुणची प्रत्येक कृती दुहेरी असते, आणि तिचा सौम्य अर्थ लावण्याचे काम पत्नीकडे असते. शारीरिक इजा क्षणभर प्रत्यक्ष दाखविली जाते. त्यानंतर मात्र नाटककार ती पुन्हा दाखवीत नाही. त्याची गरजही उरत नाही, कारण त्या पिरगळलेल्या हाताच्या मापाने प्रेक्षक पुढील प्रत्येक ऐकीव बातमी मोजत राहतो. एका लहानशा दृश्य इजेच्या बळावर पुढच्या सर्व अदृश्य इजा उभ्या करणे, ही काटकसर तेंडुलकरांच्या पूर्वीच्या नाटकांत नाही. ‘गिधाडे’त जे जे आहे ते समोर आहे.

विवाहानंतर ज्योती येते ती एकटी. घर सोडून आल्याचे सांगते आणि आत जाते. अरुण मागाहून येतो, प्यालेला, क्षमा मागत. रचनेच्या दृष्टीने हा नाटकातील सर्वांत महत्त्वाचा क्षण म्हणावा लागेल. पती पत्नीची क्षमा मागतो आहे, पण पत्नी समोर नाही. त्याच्यासमोर आहेत तिचे आई-वडील आणि भाऊ. क्षमायाचना ही दोन माणसांमधली अत्यंत खाजगी कृती. तिला येथे श्रोतृवर्ग मिळाल्यामुळे ती निवेदनाचे आणि आरोपाचे रूप घेते. आम्ही कोण, तुम्ही कोण, तुमची अहिंसा आम्हाला कोणी शिकवली होती, या दिशेने अरुणचे बोलणे सरकत जाते. त्याने हे बोलणे योजून आणलेले नाही. ज्या खोलीत तो उभा आहे तिचाच तो परिणाम आहे. त्या दिवाणखान्यात अरुण नवरा म्हणून उभा राहूच शकत नाही. तेथे त्याला एक तर पाहुणा व्हावे लागते, नाही तर जातीचा प्रतिनिधी.

याच बोलण्यात त्याचा एक मुद्दा असा आहे की, त्याच्या लोकांत बायकोला मारतात तसे तिच्यावर प्रेमही करतात, पण बोभाटा होतो तो मारण्याचा. अनेक प्रेक्षक व वाचक या विधानाकडे मारकुट्या नवऱ्याची पळवाट म्हणून पाहतात, आणि नैतिक दृष्ट्या ती पळवाट आहेच. पण नाटकाच्या रचनेबद्दल विचार करता ते विधान अक्षरशः खरे आहे. ज्योतीला अरुणबद्दल वाटणारी ओढ, त्या दोघांमधली माया, ज्या रात्री काही बिघडले नसेल त्या रात्री, हे काहीही त्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती मारहाणीची बातमी. ज्या गाळणीतून या विवाहाची माहिती आपल्यापर्यंत येते तिच्यातून प्रेम वगळले जाते, हे नाटकाने आपल्याच एका पात्राच्या तोंडून, तेही ज्याच्यावर विश्वास ठेवू नये अशा पात्राच्या तोंडून, कबूल करून टाकले आहे. तेंडुलकरांना याची जाणीव होती की नव्हती हा वाद निष्फळ आहे. संहितेत ते आहे.

येथे जुन्या नाट्यशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. रंगमंचावर जे दाखवू नये, वध, युद्ध वगैरे, ते प्रेक्षकांना कळविण्यासाठी संस्कृत नाट्यशास्त्राने अर्थोपक्षेपकांची योजना केली. धनंजयाच्या ‘दशरूपका’त विष्कंभक, प्रवेशक, चूलिका इत्यादी पाच प्रकार सांगितले आहेत. ग्रीक शोकांतिकेतील दूताचे कार्यही तेच. या सर्व योजनांत वार्ता आणणारा घटनेच्या बाहेरचा असतो. वार्ता सांगितल्याने त्याच्या स्वतःच्या संसारात काही घडत नाही. ‘कन्यादान’मध्ये हे कार्य मुख्यतः सेवाकडे आहे, आणि येथेच तेंडुलकर त्या जुन्या योजनेला एक विलक्षण वळण देतात. सेवा वार्ता सांगते ती आपल्या नवऱ्याला. ज्योतीच्या पोटावर लाथ बसली, ती गरोदर असताना बसली, हे ती नाथला ऐकवते तेव्हा ती लेकीची हकीकत सांगत असतेच, पण त्याच वाक्यांनी ती आपल्या दीर्घ सहजीवनातील एक जुना हिशेबही मांडत असते. वार्ताहर येथे तटस्थ नाही. वार्ता हेच तिचे शस्त्र आहे.

मुलीचे लग्न ठरते त्या पहिल्याच प्रसंगात या हिशेबाची सुरुवात झालेली आहे. दौऱ्याच्या घाईत असलेला नाथ, घरात लोकशाही आहे याचा त्याला असलेला निरागस अभिमान, आणि मुलीने दलित तरुण निवडला म्हणून त्याला झालेला आनंद. सेवाला शंका आहेत. त्या जातीबद्दलच्या नाहीत असे ती सांगते. राहणी, वळण, ओळखीचा अल्प काळ यांबद्दल त्या आहेत. तिचे ते सांगणे कितपत खरे मानावे हे प्रेक्षकावर सोडलेले आहे. पण नाथ तिच्या शंकांना युक्तिवादाने उत्तर देत नाही. तो त्यांना तत्त्वाच्या उंचीवरून लहान करतो. दोघेही एकाच चळवळीतले, दोघांचेही शब्द एकच. त्यामुळे सेवाला विरोध करण्यासाठी स्वतःची भाषाच उरत नाही. पतिपत्नींमधील ताणाचा हा फार सूक्ष्म प्रकार आहे, आणि मराठी रंगभूमीवर तो क्वचितच इतका नेमका आला असेल. येथे कोणी कोणावर हात उगारत नाही, आवाजही फारसा चढत नाही. एकाला नैतिक उच्चासन मिळालेले आहे आणि दुसऱ्याला त्या उच्चासनाची व्यवस्था लावावी लागते, एवढेच. (मुलांची नावे ज्योती आणि जयप्रकाश ठेवणाऱ्या घरात मुलांचे भवितव्यही विचारसरणीच्या नावावर चढवलेले असावे, यात नवल नाही.)

दोन दाम्पत्ये आहेत: एकात हिंसा आहे आणि ते रंगमंचाबाहेर, दुसऱ्यात अहिंसा आहे आणि ते रंगमंचावर. तेंडुलकर पहिल्यातील ताण सतत दुसऱ्यात ओतत राहतात. ज्योतीला मार बसतो त्या प्रत्येक वेळी नाथ-सेवा यांच्यातील एक जुनी सहमती मोडते. आपल्याला ज्योतीचा संसार दिसत नाही, पण त्या संसारातील प्रत्येक आघाताने थरथरणारा दुसरा संसार दिसतो. भूकंपमापकाची सुई दिसावी आणि भूकंप दिसू नये, तसे हे आहे. सुई दाखवण्यात नाटककाराचा आणखी एक लाभ आहे. प्रत्यक्ष मारहाण दाखवली असती तर प्रेक्षकाची सहानुभूती तत्काळ आणि निःसंदिग्धपणे ज्योतीकडे गेली असती आणि विचार तेथेच थांबला असता. ऐकीव मारहाणीने प्रेक्षक नाथच्या शेजारी जाऊन बसतो. त्यालाही ठरवावे लागते की या बातमीचे काय करायचे.

अरुणचे आत्मचरित्र प्रसिद्ध होते तेव्हा ही कोंडी पराकोटीला जाते. पुस्तक चांगले आहे, नाथला ते मनापासून भावलेले आहे, आणि त्या लेखकाने त्याच्या मुलीला लाथ मारलेली आहे. अरुण आपल्या मित्रांसह येऊन त्या पुस्तकावरील कार्यक्रमाला नाथने यावे असा आग्रह धरतो. नाथ प्रथम नकार देतो आणि अखेर जातो, कारण न गेल्याची किंमत ज्योतीला मोजावी लागेल ही सेवाची भीती. जावयाने सासऱ्याकडून गुणगान वसूल करावे आणि त्यासाठी ओलीस असावी ती पत्नी, असा हा व्यवहार आहे. दाम्पत्यातील ताण येथे सार्वजनिक व्यासपीठावर पोहोचतो. आणि तेही प्रेक्षकाला दिसत नाही. ती सभाही रंगमंचाबाहेरच घडते.

मात्र या ठिकाणी एक शंका उपस्थित केली पाहिजे, आणि ती या नाटकाच्या मर्यादेशी निगडित आहे. अरुणच्या आत्मचरित्राबद्दल आपल्याला कळते ते त्यातील सामाजिक अत्याचारांबद्दल. पत्नीबद्दल त्यात काही आहे काय, याविषयी नाटक आपल्याला काहीच कळू देत नाही. अत्याचारांचे इतके जिवंत वर्णन करणारा लेखक घरी तेच करतो, या विरोधावर नाथची आणि सेवाची सगळी तडफड उभी आहे. पण ज्या वाङ्मयप्रकारावर अरुणचे पुस्तक बेतलेले आहे, त्याने याआधीच काय केले होते? अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, धामणगाव येथे बालपण गेलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ‘कन्यादान’च्या पाच वर्षे आधी. त्यातील दगडू मारुती पवार हा निवेदक गावकुसाबाहेरचे जिणे जितक्या निष्ठुरपणे सांगतो, तितक्याच निष्ठुरपणे तो आपल्या पहिल्या पत्नीशी, सईशी, कसा वागला हे सांगतो. संशयाने पोखरलेला नवरा, तुटलेला संसार, आणि त्याबद्दलची न संपणारी बोच ही ‘बलुतं’ची उपकथा म्हणून बाजूला काढता येत नाही, त्या पुस्तकाच्या प्रामाणिकपणाची कसोटीच तेथे आहे. समाजाने माझ्यावर अन्याय केला आणि मी एका स्त्रीवर केला, ही दोन्ही वाक्ये एकच निवेदक एकाच पुस्तकात उच्चारू शकतो हे मराठी वाचकाला 1978 सालीच ठाऊक झाले होते. दगडूने दया पवारला आपली कहाणी सांगावी, अशी त्या पुस्तकातील निवेदनाची दुभंगलेली रचना यासाठीच तर आहे.

तेंडुलकरांनी अरुणला हा वाङ्मयप्रकार दिला, पण त्यातील ही आत्मझडती दिली नाही. नाटकाच्या गरजेच्या दृष्टीने हे समजण्याजोगे आहे. अरुणने पुस्तकात ज्योतीवरील अत्याचार कबूल केला असता तर नाथच्या भाषणातील पेच नाहीसा झाला असता, किंवा निदान फार वेगळा झाला असता. ताण टिकवण्यासाठी नवऱ्याचे आत्मज्ञान कमी करावे लागले. ही किंमत लहान नाही. ज्याला स्वतःचे घर रंगमंचावर मिळाले नाही, त्याला स्वतःचे पुस्तकही स्वतःच्या तोंडून मिळत नाही. त्याचे वाचन नाथ करतो, त्याचा निवाडा सेवा करते, आणि कालचा पीडित आज पीडक होतो हा सिद्धांत जयप्रकाश इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांच्या उदाहरणाने मांडतो. अरुणवर अन्याय झाला आहे असे जे म्हणतात त्यांचा रोख बहुधा त्याच्या दुष्टपणावर असतो. वास्तविक दुष्टपणाची तक्रार करण्याचे कारण नाही, बायकोला मारणारे नवरे सर्व जातींत आहेत आणि नाटकात ते यावेत. तक्रार असलीच तर ती जागेची असावी. सगळ्या नाटकात त्याला स्वगत नाही, एकांत नाही, दार लावून घेता येईल अशी खोली नाही.

इंडियन नॅशनल थिएटरच्या मूळ प्रयोगाचे दिग्दर्शन सदाशिव अमरापूरकरांनी केले होते आणि नाथच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. अमरापूरकर नगरचे. 1950 चा जन्म, रंगभूमीचे पहिले संस्कार त्या जिल्ह्याच्या गावाचे, आणि मुंबई-पुण्याच्या प्रस्थापित दिवाणखान्यांत ते बाहेरूनच आलेले. या योगायोगावर फार भार टाकू नये. तथापि ‘कन्यादान’च्या कोणत्याही दिग्दर्शकापुढे एक निवड अटळपणे उभी राहते. दिवाणखाना हा अरुणचा न्यायालय आहे की अरुण हा दिवाणखान्याची परीक्षा आहे? पहिला पर्याय स्वीकारला की अरुणचे प्रवेश खलपुरुषाच्या प्रवेशांसारखे होतात. दुसरा स्वीकारायचा तर नटाला सतत दाखवावे लागते की हा माणूस कोणत्याही खुर्चीवर नीट बसत नाही, आणि त्याचा उद्धटपणा त्या बसण्यातून उगवतो. रंगसूचनांपेक्षा हे काम प्रयोगाकडे अधिक आहे. याउलट, मारहाण छायाप्रकाशात किंवा पडद्यामागील आवाजांनी सूचित करण्याचा मोह दिग्दर्शकांना होऊ शकतो. त्या मोहाने नाटकाचा कणाच मोडतो. किंकाळी ऐकू आली की प्रेक्षक साक्षीदार होतो. आणि या नाटकात कोणालाही साक्षीदार होता येऊ नये, प्रत्येकाने ऐकीव माहितीवर निर्णय घ्यावा, अशीच योजना आहे.

अखेरच्या प्रसंगाचा अर्थ या योजनेच्या प्रकाशात निराळा लागतो. सभेहून परतलेला नाथ स्वतःवर चिडलेला आहे. ज्योती येते. ती श्रोत्यांत होती. वडिलांचे भाषण खोटे होते हे तिने ओळखले आहे, आणि ती त्यांना त्याचा जाब विचारते. माणसातला पशू वेगळा काढता येतो, तो बदलता येतो, हे तिला बालपणापासून शिकवले गेले. अरुणमध्ये पशू आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, दोघांचा स्वीकार एकदमच करावा लागतो, हे ती संसारातून शिकली आहे. आपण आता देवळालीकर नाही, आठवले आहोत, असे सांगून ती निघते, आणि वडिलांना आपल्यामागे येण्यास मज्जाव करते. या शेवटाला पारंपरिक पतिव्रतेची शरणागती म्हटले गेले आहे. सिंधूशी तिचे नाते जोडण्याचा मोहही होतो. मरणाच्या दारातही सिंधू नवऱ्याला पाठीशी घालते, तशी ज्योती अरुणच्या बाजूने उभी राहते, असे ते साम्य मांडता येते. पण साम्य वरवरचे आहे. सिंधूच्या घरात प्रेक्षक होता. तिचा त्याग पाहिला गेला, त्यावर अश्रू ढाळले गेले, आणि त्या अश्रूंनी तो पवित्र ठरला. ज्योती नेमके हेच नाकारते. या दिवाणखान्याला आपल्या संसाराच्या बातम्या पुरवण्याचे ती थांबवते. आजवर तिच्या जखमांवर नाथचे तत्त्वज्ञान, सेवाची कैफियत आणि जयप्रकाशचे सिद्धांत पोसले गेले. हा पुरवठा ती तोडते. तिचा निर्णय शहाणपणाचा आहे असे नव्हे. पोटात मूल असताना लाथ खाल्लेल्या स्त्रीने त्याच घरी परत जावे याचे समर्थन कोणत्याही रचनेच्या आधाराने करता येणार नाही, आणि तेंडुलकरही ते करीत नाहीत. पण दाराबाहेर पाऊल टाकताना ती बापाच्या हातून त्याचे शेवटचे साधन, म्हणजे तिच्याविषयी माहिती असण्याचा अधिकार, काढून घेते.

ती गेल्यावर रंगमंचावर नाथ उरतो, आणि त्याच्यासोबत प्रेक्षक. यापुढे त्या दुसऱ्या घरात काय घडेल हे दोघांनाही कळणार नाही.